नवलाईची पारख

कोल्हापूर असो की नागपूर, कोणत्याही मध्यम आकाराच्या शहरातील प्रसाधनांच्या दुकानात आज पाऊल ठेवले असता दुकानदार जी छोटी, रबरी टोपणाची, थेंबाथेंबाने द्रव देणारी काचेची कुपी आग्रहाने पुढे करतो, आणि जिच्या वेष्टनावर नायसिनामाइड हे नाव ठळक अक्षरांत छापलेले असते, ती कुपी आमच्या काळातील सौंदर्यप्रसाधनांच्या नवलाईचा उत्तम नमुना म्हणून अभ्यासण्याजोगी आहे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीपासून निवृत्तीला आलेल्या शिक्षिकेपर्यंत अनेकींना ती आज हवीशी वाटते. तिच्यातील द्रव्य गेल्या काही वर्षांतच कोणा शास्त्रज्ञाने शोधून काढले असावे अशी घेणारीची समजूत असते, आणि ती समजूत दूर करण्याचे विकणाऱ्याला काही कारण नसते. वस्तुतः हे द्रव्य म्हणजे ब गटातील तिसऱ्या क्रमांकाचे जीवनसत्त्व होय. आणि त्याचा मनुष्याच्या त्वचेशी असलेला संबंध प्रथम उघडकीस आला तो शृंगाराच्या दालनात नसून दुष्काळी अन्नावर जगणाऱ्या माणसांच्या रुग्णशय्येवर.

स्पेन, इटली आणि अमेरिकेची दक्षिणेकडील संस्थाने येथील जे दरिद्री लोक केवळ मक्यावर गुजराण करीत, त्यांच्या अंगाचा जो भाग उन्हास उघडा राही तो काळवंडून, भेगाळून, सोलून निघे, आणि गळ्याभोवती तर या डागांचे एक कडेच उमटे. पेलाग्रा नावाच्या या व्याधीचे मूळ आहारात आहे असे जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, आणि १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हजेम यांनी ते उणे असलेले द्रव्य नेमके हेरले. ही कथा आम्हांस परकी नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर मक्याऐवजी ज्वारी होती एवढाच काय तो भेद; हैदराबादच्या पोषण-संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० च्या सुमारास ज्या पेलाग्राग्रस्त मजुरांचा अभ्यास केला, त्यांच्या ताटात भाकरीखेरीज फारसे काही पडत नव्हते. ज्या जीवनसत्त्वाच्या अभावी दख्खनी मजुराची कातडी करपत होती, तेच जीवनसत्त्व पुढे १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरने बाजारात आणलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचा प्रमुख आधार झाले. त्वचेच्या तळाशी असलेल्या पेशींत रंगद्रव्याचे जे कण तयार होतात, ते वरच्या थरातील पेशींकडे सोपविले जाण्याची क्रिया हे द्रव्य काही अंशी मंदावते. त्यामुळे डाग थोडे फिकट दिसतात, आणि लावणे थांबविले की त्वचा हळूहळू आपल्या मूळ वर्णावर येते. शास्त्राचे म्हणणे एवढेच आणि इतके माफक आहे. त्या माफक गुणावर काळ्या-सावळ्या मुलीच्या लग्नाची, नोकरीची आणि आत्मविश्वासाची जी भली मोठी इमारत जाहिरातींनी दशकानुदशके उभी केली, तिने या देशातील लक्षावधी मुलींच्या मनाला जी जखम केली ती २०२० साली मलमाचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ असे केल्याने भरून निघाली, असे मला वाटत नाही. तेच द्रव्य आता काचेच्या कुपीत, वैज्ञानिक नावासह आणि टक्केवारीसह येते. वर्ण उजळण्याऐवजी ते आता त्वचेचे आवरण बळकट करण्याचे, तेलकटपणा आवरण्याचे आणि डाग कमी करण्याचे आश्वासन देते. ही आश्वासने पहिल्यापेक्षा अधिक सत्याला धरून आहेत हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांत नवे काय आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर द्यावे लागेल की कुपी नवी आहे, प्रमाण कागदावर मांडण्याची रीत नवी आहे, पदार्थ मात्र जुना आहे.

हा प्रश्न, म्हणजे नवे म्हणून जे पुढे येते त्यात पदार्थ नवा आहे, की त्याचे रूप नवे आहे, की केवळ नाव नवे आहे, हा प्रसाधने आणि वेशभूषा यांच्या बाबतीत विचारावयाचा पहिला प्रश्न होय, आणि जी ग्राहक स्त्री तो विचारावयास शिकली तिची फसगत सहसा होत नाही. त्याची उत्तरे मात्र दर वेळी निराळी येतात, आणि पदार्थ खरोखरच नवा असतो तेव्हा तो केवढी उलथापालथ घडवून आणतो, हे पाहावयाचे तर लंडनमधील एका अठरा वर्षांच्या मुलाकडे वळले पाहिजे.

१८५६ सालच्या ईस्टरच्या सुटीत विल्यम हेन्री पर्किन हा विद्यार्थी आपल्या घरातील लहानशा प्रयोगशाळेत हिवतापावरील क्विनाइन हे औषध कृत्रिम रीतीने बनविता येते काय, याचा प्रयत्न करीत होता. त्याचे गुरू हॉफमन यांनी ही कल्पना बोलून दाखविली होती. दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या अॅनिलीनवर प्रयोग करता करता भांड्याच्या तळाशी जो काळा गाळ साचला, तो मद्यार्कात विरघळताच एक अपूर्व जांभळा रंग उमटला, आणि रेशमावर तो पक्का बसतो हे त्या मुलाने तात्काळ ओळखले. क्विनाइन मिळाले नाही, पण त्याच वर्षी त्याने एकाधिकाराची सनद घेतली, दुसऱ्या वर्षी वडील आणि भाऊ यांच्या मदतीने कारखाना काढला, आणि १८५८ च्या जानेवारीत खुद्द व्हिक्टोरिया राणी आपल्या थोरल्या कन्येच्या विवाहप्रसंगी फिकट जांभळ्या वस्त्रात मिरवली तेव्हा त्या छटेची ओढ इंग्लंड आणि फ्रान्समध्ये सर्वत्र लागली. जांभळा रंग तोवर समुद्रातील शंखांपासून वा दगडफुलासारख्या वनस्पतींपासून मोठ्या कष्टाने मिळे, म्हणून तो श्रीमंतांचा होता. पर्किनच्या भांड्यातून तो गिरणीकामगाराच्या बायकोच्या झग्यापर्यंत पोहोचला. एका छटेची लाट उठते, ती वरच्या वर्गातून खालच्या वर्गात उतरते, आणि खालपर्यंत पोहोचली की वरचा वर्ग ती टाकून देऊन दुसरी शोधतो, हे जे फॅशनचे चक्र जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी पुढे १९०४ साली आपल्या निबंधात उलगडून दाखविले, त्याला रसायनशास्त्राने अशी विलक्षण गती दिली.

त्या गतीचे चटके कोठे बसले, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण दुकानातील रंगीत कापडाकडे पाहताना ते कोणाला दिसत नाहीत. पर्किननंतर बारा-तेरा वर्षांत मंजिष्ठेतील लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला, आणि वऱ्हाड-खानदेशाकडील ज्या शेतात आल नावाच्या झाडाच्या मुळ्या लाल रंगासाठी खणून काढीत त्या शेतातील ते पीक हळूहळू नामशेष झाले. १८९७ साली जर्मनीतील बी.ए.एस.एफ. या कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, तेव्हा बिहारमधील निळीचे भाव कोसळले. आणि चंपारणातील गोऱ्या मळेवाल्यांनी तीनकठियाच्या करारातून, म्हणजे विघ्यामागे तीन कठ्ठे निळीखाली ठेवण्याच्या सक्तीतून, रयतेला मोकळे करण्याच्या बदल्यात वाढीव सारा आणि रोख तावान वसूल करून आपले नुकसान तिच्या माथी मारले. १९१७ साली गांधीजींना ज्या रयतेने चंपारणात बोलावून नेले, तिच्या दुःखाच्या मुळाशी युरोपातील प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ही एक निळी छटा होती. नवा रंग शोधून काढणाऱ्याने तो दुष्ट हेतूने शोधला नव्हता. तथापि साजशृंगाराच्या जगात जे काही नवे येते त्याची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजीत असते, हे या उदाहरणाने माझ्या मनावर कायमचे ठसविले आहे.

आता रूप नवे पण पदार्थ जुना, अशा नवलाईकडे येऊ. आणि त्यासाठी आपल्या मुंबईइतके योग्य स्थळ दुसरे नाही. आज भारतभर जी साडी नेसतात, म्हणजे आत परकर, अंगात शिवलेले पोलके, समोर निऱ्या आणि डाव्या खांद्यावरून मागे सोडलेला पदर, ती पद्धत अनादि काळापासून चालत आलेली आहे असे पुष्कळांस वाटते, पण ती तितकी जुनी नाही. सनदी नोकरीत प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ ठाकूर यांची १८६४ साली मुंबई इलाख्यात नेमणूक झाली आणि त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी त्यांच्याबरोबर येथे आल्या, तेव्हा बंगालातील भद्र कुटुंबांतील स्त्रियांचे घरात नेसण्याचे एकेरी वस्त्र चारचौघांत वावरण्यास अपुरे पडत असे. मुंबईत माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांच्या घरी त्यांचा मुक्काम होता. तेथील स्त्रियांची साडी नेसण्याची धाटणी ज्ञानदानंदिनींनी पाहिली, तिच्यात आपल्या सोयीने फेरफार केले, पदर उजव्याऐवजी डाव्या खांद्यावर घेतला म्हणजे उजवा हात मोकळा राहिला, आणि बंगालात परतल्यावर ही रीत शिकण्याची इच्छा असलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी १८७१ साली ‘बामाबोधिनी पत्रिका’ या नियतकालिकात जाहिरातही दिली. बंगालात या नेसण्याला ‘बोम्बाई दस्तूर’ म्हणत. एका स्त्रीने दुसरीचे पाहिले, आपल्या गरजेप्रमाणे बदलले आणि तिसरीला शिकविले; यात व्यापाऱ्याचा, कारखानदाराचा वा दरबाराचा काडीचाही हात नव्हता. फॅशन पॅरिसात जन्मते असे ज्यांना वाटते त्यांनी हा वृत्तांत अवश्य लक्षात घ्यावा.

महाराष्ट्रात मात्र हे गोल नेसणे उशिरा, आणि बरीच खळबळ उडवून आले. नऊवारी लुगड्याचा काष्टा सोडून पाचवारी पातळ नेसणे, म्हणजे सकच्छ सोडून विकच्छ होणे, हे मर्यादेला धरून आहे की नाही यावर येथील घराघरांत आणि नियतकालिकांत वाद झडले. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे नेलेल्या शिळाछापखान्यातून लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघर पोहोचल्या होत्या, आणि त्यांतील साडीच्या घड्या आमच्या आज्या-पणज्यांच्या डोळ्यांत भरल्या होत्या. पुढे मुली शाळा-महाविद्यालयांत, आगगाडीत आणि कचेऱ्यांत वावरू लागल्या, तशी हलक्या, सुटसुटीत वस्त्राची निकड वाढली. १९३० पासून निघू लागलेल्या ‘स्त्री’ मासिकासारख्या नियतकालिकांनी स्त्रियांच्या पोशाखाविषयी मोकळेपणाने बोलण्याची जागा उपलब्ध करून दिली. आणि दुसऱ्या महायुद्धात कापडावर सरकारी नियंत्रण आले तेव्हा नऊ वारांपेक्षा पाच वार मिळविणे सोपे, हा व्यवहारी विचारही अनेक घरांत पुढे आला असल्यास नवल नाही. लहानपणी ज्या घरात मी नऊवारीतील आजी, पाचवारीतील आई आणि सलवार-कमीजमधील आत्या एकाच ओसरीवर पाहिल्या, त्या घरात यांपैकी कोणीही दुसरीला परकी समजत नसे. नवी रीत जुनीला हुसकावून लावतेच असे नाही. ती बराच काळ शेजारी नांदते, हे समाजशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा ओसरीवरच मला आधी समजले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात नवी प्रसाधने आपल्याकडे कशी आली, याविषयी थोडक्यात सांगतो. परकीय चलन वाचविण्यासाठी परदेशी प्रसाधनांची आयात आवरावी लागली, आणि त्या पोकळीत १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने दोन फ्रेंच संस्थांच्या साहाय्याने लॅक्मे ही कंपनी स्थापन केली. १९६१ साली तिच्या संचालक मंडळावर आलेल्या सिमोन टाटा यांनी ती नावारूपास आणली. त्याच १९५२ साली मुंबईत केशव विष्णू पेंढरकर यांनी विको प्रयोगशाळा काढली. तिच्या हळदीच्या मलमावर अबकारी खात्याने प्रसाधन म्हणून कर बसवावा की औषध म्हणून, हा दावा वर्षानुवर्षे चालला आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ते औषधच असल्याचा निर्णय दिला. सरकारी दप्तराला जो भेद ठरविण्यास इतका काळ लागला, तो दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला एका दृष्टिक्षेपात कळावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

नवे रूप म्हटले की माझे मन सर्वांत अधिक वेळ रेंगाळते ते कपाळावरील कुंकवापाशी. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, आणि पंढरपूरच्या पेठेतील कुंकवाचे ढीग ज्याने पाहिले नाहीत असा मराठी माणूस विरळा. हळदीला चुन्यासारख्या क्षारयुक्त द्रव्याचा संस्कार झाला की तिचा पिवळा रंग लाल होतो, ही पारंपरिक कुंकवामागील रासायनिक किमया. आधी बोटाने मेण टेकवून त्यावर कुंकू रेखण्याची आपली जुनी पद्धत. पुढे कृत्रिम रंगांनी बनविलेले स्वस्त कुंकू आले, कुपीतील ओले गंध आले, आणि त्यापाठोपाठ मखमलीची, मागे डिंक लावलेली टिकली आली. घाम आला तरी न ओघळणारी, कामावर जाताना एका क्षणात लावता येणारी, साडीच्या रंगाशी मिळणारी टिकली ही मराठी स्त्रीने आपण होऊन, कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता स्वीकारलेली नवलाई होय, आणि तिची सोय नाकारणारा मी कोण! तथापि त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रत्येक टप्प्यावर काही नोंदी करून ठेवल्या आहेत. कृत्रिम कुंकवातील काही अॅझो जातीच्या रंगांनी कपाळाला खाज सुटून पुढे तो भाग काळपट पडतो; आणि टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल हे द्रव्य असेल तर ज्या स्त्रीला ते सोसत नाही तिच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटतो, कारण ते द्रव्य रंग निर्माण करणाऱ्या पेशींनाच इजा करते. पांढऱ्या डागाला आपल्या समाजात कोड म्हणून हिणविले जाते. त्या भीतीने किती स्त्रिया तो डाग आणखी मोठ्या टिकलीखाली झाकतात आणि त्यामुळे तो वाढवितात, हे त्वचारोगाच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात ऐकावयास मिळेल. खाज सुटताच टिकली थांबवावी, काही काळ कपाळ मोकळे ठेवावे आणि डॉक्टरला दाखवावे, इतके साधे हे आहे. पण ते साधे ज्ञान टिकलीच्या पाकिटावर छापलेले नसते. उत्तरेकडे भांगात भरतात तो सिंदूर, आणि आपण मारुतीला वाहतो तो शेंदूर, यांचे पारंपरिक रूप म्हणजे तर शिशाचा ऑक्साइड होय; तेव्हा पूर्वापार चालत आलेले म्हणून निरुपद्रवी, हे गणितही नवे म्हणून उत्तम या गणिताइतकेच कच्चे आहे.

कापडातील पुढल्या हंगामाचे रंग कोणीतरी आधीच ठरवितो काय, असे मला अनेकदा विचारले जाते. काही प्रमाणात ठरविले जातात, आणि ते उघडपणे. १९६३ मध्ये स्थापन झालेली इंटरकलर ही आंतरराष्ट्रीय संघटना निरनिराळ्या देशांतील रंगतज्ज्ञांना एकत्र बसवून सुमारे दोन वर्षे आधी छटांची निवड करते. १९७३ पासून फ्रान्समध्ये भरणाऱ्या प्रीमिएर व्हिजन या कापड-प्रदर्शनात गिरणीवाले आपले नमुने मांडतात. आणि पँटोन ही अमेरिकी कंपनी २००० पासून दरवर्षी एक रंग जाहीर करते, जसा २०२४ साठी पीचसारखा आणि २०२५ साठी कॉफी-चॉकलेटसारखा तपकिरी. सूत रंगविणे, विणणे, छापणे, शिवणे आणि बोटीने पाठविणे यांस महिनोन्महिने लागतात, म्हणून गिरणीमालकाला कोणत्या रंगाचा साठा करावा याचा अंदाज आधी लागतो. त्या अंदाजावर पुष्कळांचा विश्वास बसला की तो खरा ठरतो. सुरत, भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांपर्यंत या छटा पोहोचतात खऱ्या. पण लग्नसराईतील हळदी पिवळा, वटपौर्णिमेचा हिरवा आणि मकरसंक्रांतीचा काळा हे रंग असल्या कोणत्याही समितीने ठरविलेले नाहीत, आणि तिच्या निर्णयाने ते बदलणारही नाहीत.

महाराष्ट्रात गेल्या दोन दशकांत जी सर्वांत मोठी वस्त्रलाट आली, ती तर रंगतज्ज्ञांच्या समितीकडून नव्हे, दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आली. २००४ साली झी मराठी वाहिनीवर ‘होम मिनिस्टर’ हा कार्यक्रम सुरू झाला, आणि घरोघरच्या वहिनींना जिंकल्यावर पैठणी मिळू लागली. ज्या वस्त्राकडे मध्यमवर्गीय गृहिणी आईच्या पेटीतील वारसा म्हणूनच पाहत होती, ते रोज संध्याकाळी शेजारणीच्या खांद्यावर दिसू लागताच आपल्यालाही ते शोभेल असे तिला वाटू लागले. मागणी वाढली, तसे येवल्याच्या मागांबरोबरच यंत्रावर विणलेल्या, पैठणीसारख्या दिसणाऱ्या साड्यांचेही पेव फुटले. ज्यांना हातमागाची पैठणी परवडत नाही त्यांनी यंत्राची घ्यावी, त्यात कमीपणा कसला. मात्र यंत्राची साडी हातमागाच्या दराने घेऊ नये. पारख कठीण नाही. पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, आसावली, कमळ हे विणकर प्रत्येक रंगाचे सूत निरनिराळ्या लहान कांड्यांवर गुंडाळून, जेथे एक रंग संपतो तेथे दुसऱ्याशी गुंफून, बोटांनी भरतो; त्यामुळे पदर उलटून पाहिला तर मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्राच्या साडीत नक्षीचे धागे मागून लोंबते राहतात वा कापलेले दिसतात. भरगच्च पदराला एका विणकराचे काही महिने सहज जातात, हे डोळ्यांपुढे आणले म्हणजे किंमतही कळते. दुकानात साडीचा पदर उलटा करून मागण्यास संकोच वाटू देऊ नये. जाणता दुकानदार तो स्वतःच उलटा करून दाखवितो.

पदर उलटून पाहण्याची ही सवय कुपीलाही लावावी, असे माझे सांगणे आहे. भारतात प्रसाधनांवर १९४० च्या औषधे व प्रसाधने कायद्याचा अंमल आहे, आणि २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार अगदी लहान वेष्टने वगळता प्रत्येकावर घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. या एका नियमाच्या ज्ञानाने वेष्टनाचा दर्शनी भाग आणि मागील भाग यांत किती अंतर आहे ते कळते. समोर केशर वा चंदनाचे चित्र असेल आणि यादीत ते सुगंध व संरक्षक द्रव्यांच्याही मागे उभे असेल, तर आपण मुख्यत्वे पाणी, तेल आणि सुगंध विकत घेत आहोत. ते घेण्यासही हरकत नाही, पण केशराच्या भावाने नको. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमांवरील एस.पी.एफ. हा आकडाही असाच समजून घ्यावा. पंधराचा आकडा त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९३ टक्के अडवितो, तिसाचा सुमारे ९७ आणि पन्नासाचा सुमारे ९८; म्हणजे तिसावरून पन्नासावर गेल्याने लाभ एका टक्क्याचा होतो. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेत त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून काढलेले असतात, आणि घरी आपण त्याच्या निम्म्यानेही लावीत नाही. महागडे पन्नासाचे काटकसरीने लावण्यापेक्षा परवडणारे तिसाचे सढळ हाताने लावणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

ज्या मलमाच्या वेष्टनावर उत्पादकाचा परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, घटकांची यादी यांपैकी काहीच नाही, आणि जे लावल्याने आठवड्या-दोन आठवड्यांत वर्ण उजळतो असे ओळखीची कोणी शपथेवर सांगते, ते मात्र घरात आणूच नये. इतक्या जलद उजळविणारी द्रव्ये बहुधा दोनच: पारा आणि स्टिरॉइड. पारा त्वचेतील रंगनिर्मितीची प्रक्रियाच रोखतो, पण तो रक्तात शोषला जातो आणि मूत्रपिंडावर घाला घालतो; केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ च्या सुमारास मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे अनेक रुग्ण आढळले, तेव्हा डॉक्टरांच्या चौकशीत त्यांच्यापैकी बहुतेकांनी असली उजळविणारी मलमे वापरल्याचे निष्पन्न झाले. स्टिरॉइडची कथा अधिक घरगुती आहे. बीटामेथासोनसारखी द्रव्ये इसबावर डॉक्टरच्या सल्ल्याने मोजके दिवस वापरावयाची. ती चेहऱ्याला महिनोन्महिने चोळली की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस उगवतात, आणि मलम थांबविताच चेहरा असा भडकतो की रुग्ण घाबरून पुन्हा तेच लावू लागतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध चिकाटीने मोहीम चालविली, आणि २०१८ साली सरकारने अशी १४ स्टिरॉइड द्रव्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येऊ नयेत अशी तरतूद केली. कायदा झाला, पण गावोगावच्या औषधांच्या दुकानांत तो किती पाळला जातो, यावर घरातल्या मोठ्यांनीच नजर ठेवली पाहिजे.

केस काळे करण्याच्या रंगाबाबत तर कायद्याने वेष्टनावरच इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सूचना छापावयास लावली आहे, आणि ती वाचणारे फार थोडे आढळतात. त्यातील पॅरा-फेनिलीन-डायअमीन हे द्रव्य एखाद्याला वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी अचानक सोसेनासे होते. मेंदी झटपट काळी व्हावी म्हणून तिच्यात तेच मिसळण्याचा प्रघात काही ठिकाणी आहे, आणि नवरीच्या हाताला ऐन लग्नात फोड येण्याचे ते एक कारण आहे. म्हणून नवा रंग, नवी मेंदी वा नवे मलम आणल्यावर त्याचा लहानसा ठिपका कोपराच्या आतील बाजूस अथवा कानामागे लावून दोन दिवस, म्हणजे ४८ तास, वाट पाहावी. खाज, सूज वा लाली आली नाही तरच पुढे जावे, आणि समारंभ असेल तर ही चाचणी किमान आठवडाभर आधी उरकावी. त्रास झालाच तर कुपी फेकून देऊ नये. ती कुपी, तिचे वेष्टन आणि खरेदीची पावती तशीच ठेवून डॉक्टरला दाखवावी, आणि तुकडी क्रमांकासह लेखी तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कचेरीत द्यावी. तेथील निरीक्षकाला बाजारातून त्याच तुकडीचा नमुना उचलून सरकारी प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठविण्याचा अधिकार आहे.